डाव्या चाकाचा नट

पिकअप दुकानासमोर थांबली तशी आधी म्हातारी उतरली, आणि उतरल्या उतरल्या रस्त्याच्या कडेलाच बसली.  मग चालवणारा तरुण उतरला आणि पुढच्या चाकांकडं बघत राहिला. मागच्या सीटवर एक गरोदर बाई होती. ती उतरलीच नाही. दोन्ही हात पोटावर धरून समोर बघत बसून राहिली.

जिलानी शेखचं दुकान लातूरला, नांदेड रोडला. गाड्यांच्या पुढच्या चाकांचं काम तेवढं तो करायचा. अलायनमेंट, स्टेअरिंगचे जोड, बेअरिंग. इंजिनाला हात लावायचा नाही. दुकानाच्या मागंच घर होतं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"अंगात आल्यासारखी करायली गाडी," तरुण म्हणाला.

त्याचं नाव वीरेश कोरे. कंधारच्या अलीकडं त्याचं गाव होतं. बहीण अंबिका निलंग्याला दिलेली, तिला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला तो आणि आई कमलम्मा आले होते. ही जुनी, चारही चाकांना जोर असलेली फोर-व्हील पिकअपही त्यानं आठवड्यापूर्वी निलंग्यातच घेतली होती. त्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात दुसरी कुठलीच गाडी चालत नव्हती. औशाच्या अलीकडं पुढचं चाक खड्ड्यातून गेलं आणि स्टेअरिंग हातातच नाचायला लागलं. पुढची दोन्ही चाकं सुपानं पाखडावं तशी हलत होती. वीरेशनं कसंबसं गाडीला धरून ठेवलं, वेग कमी केला, तेव्हा कुठं ती शांत झाली. मग तिथून लातूरपर्यंत ते बैलगाडीच्या चालीनं आले होते.

"अलायनमेंट केली होती का?"

"निलंग्यात केली ना. मशीन सगळं बरोबर दाखवायलं."

"मशीन खोटं न्हाई बोलत. उभ्या गाडीचं चाक सरळच हाय. पण जोड ढिला असला की धावताना ते आपल्या मनानं फिरतं."

जिलानीनं गाडी जॅकवर घेतली आणि डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. आतून खट् खट् आवाज आला. पुढच्या दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारा एक लांब दांडा असतो, टायरॉड. त्याच्या दोन्ही टोकांचे जोड झिजून बोटभर ढिले झाले होते. जिलानीनं वीरेशला खाली वाकायला लावून ते दाखवलं. नवे जोड शेजारच्या दुकानात मिळाले.

तोवर जिलानीची बायको रईसा बाहेर आली होती. तिनं अंबिकाला आत नेऊन खाटेवर आडवं केलं, कमलम्माला पाणी दिलं. दुपार झाली तशी कमलम्मानं शिदोरी सोडली आणि सगळ्यांना एक-एक करून बोलावलं. गाडीखालच्या जिलानीलाही तिनं सोडलं नाही.

"बाबा, आधी दोन घास खा. काम कुठं पळून जायलंय."

जिलानी हात पुसत बाहेर आला. धपाटे होते, दही होतं, शेंगदाण्याची चटणी होती. कमलम्मा त्याच्या पानात वाढत राहिली आणि बोलत राहिली. अंबिकाची ही दुसरी खेप होती. पहिलं सातव्या महिन्यात गेलं होतं. म्हणून जिवाला घोर लागलाय, असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिनं आवाज बारीक केला, आत लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

जेवण झाल्यावर जिलानीनं चाकं मापात आणली, स्टेअरिंग मधोमध केलं, गाडी रस्त्यावर काढून गरुड चौकापर्यंत एक चक्कर मारून आणली. गाडी सरळ चालली. हात सोडला तरी बाजूला ओढत नव्हती. वीरेशचं तोंड सकाळपासून पहिल्यांदा उजळलं.

निघताना कमलम्मा गाडीच्या दाराशी थांबली. "भाऊ, आता भ्यायचं काम न्हाई ना?"

"बेफिकीर जा अम्मा," जिलानी म्हणाला. "माझी जबान हाय."

गाडी गेली. जिलानीनं चहा घेतला, नमाज पढला, मग दुकान आवरायला घेतलं. नव्या जोडांचे दोन पुठ्ठ्याचे डबे जमिनीवर पडले होते. एक त्यानं चुरगाळून कोपऱ्यात टाकला. दुसरा उचलला तर आत काहीतरी खुळखुळलं.

त्यानं डबा तळहातावर उलटा केला. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीतली कॉटर पिन होती ती. कोरी, सरळ.

क्षणभर त्याला काहीच वाटलं नाही. नुसता बघत राहिला. मग लक्षात आलं.

जोडाच्या खाली एक खाचांचा नट असतो. तो पुरता आवळायचा, आणि नटाच्या खाचेतून, बोल्टाच्या भोकातून ही पिन आरपार घालून तिची टोकं वाकवायची. मग गाडी कितीही हादरली तरी नट उलटा फिरत नाही. उजव्या बाजूची पिन त्यानं घातली होती, टोकं वाकवल्याचं हाताला आठवत होतं. डाव्या बाजूला नट हातानं फिरवून आणला होता. पान्याचा एक फेरा दिला होता. आणि मग वरून हाक आली होती, बाबा, आधी दोन घास खा.

परत गाडीखाली गेला तेव्हा तो सरळ माप घ्यायलाच बसला होता. नट ना पुरता आवळलेला, ना त्यात पिन.

नट सुटला की जोड निसटणार. मग उजवं चाक स्टेअरिंगचं ऐकणार, डावं कुणाचंच ऐकणार नाही.

त्यानं वीरेशला फोन लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. त्या गाडीच्या घरघरीत खिशातला फोन कुणाला ऐकू येणार. तिसऱ्यांदा लावला तर फोन बंद.

त्यांच्या वाटेवर, शिरूर ताजबंदला, रस्त्यालाच संगप्पाचं पंक्चरचं दुकान होतं. संगप्पा जुना दोस्त, दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. जिलानीनं त्याला फोन लावला, आणि संगप्पाचा आवाज ऐकू आल्यावर त्याची जीभ अडखळली. पिन घालायची राहिली, हे वाक्य तोंडावर आलं होतं. पुढच्या चाकांच्या कामात याच्याइतकी मोठी चूक नाही. संगप्पा मनाचा चांगला, पण त्याच्या दुकानावर दिवसभर गाडीवाल्यांची बैठक असते. लातूर ते नांदेड सगळ्या रस्त्यानं ही गोष्ट जाणार.

"एक पांढरी पिकअप येईल, जुनी, डबल केबिनची," तो म्हणाला. "पोरगा चालवायला, मागं दोन बाया. थांबवून धर. त्यांचं सामान राहिलंय माझ्याकडं."

"थांबवतो की," संगप्पा म्हणाला.

जिलानीनं पिन खिशात टाकली, पाने पिशवीत भरले आणि मोटारसायकल बाहेर काढली. रईसा दारात आली. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"काय झालं जी?"

"त्या लोकांचं सामान राहिलं. देऊन येतो."

"सामान द्यायला पाने कामून मग?"

 रईसानं दाराला कडी घातली, ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळली आणि त्याच्या मागं बसली. "तू गाडी चालव. फोन माझ्याजवळ दे."

आष्टामोडपर्यंत ती नंबर लावत राहिली. फोन बंदच होता. जिलानीची नजर रस्त्यावर कमी आणि कडेच्या चाऱ्यांवर, पाण्याच्या चरांवर, जास्त होती. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या तोंडाकडं तो बघत होता, जणू पुढं काही झालं असेल तर त्यांच्या तोंडावर दिसेल. डावं चाक सुटलं तर गाडी डावीकडं चारीत जाईल, असं तो स्वतःला सांगत होता. चारी बरी. पण ते उलटंही फिरू शकतं. मग गाडी उजवीकडं, समोरच्या गाड्यांवर जाईल.

चाकूर ओलांडल्यावर फोन वाजला. संगप्पा होता. रईसानं गाडी थांबवायला लावली आणि फोन जिलानीच्या कानाला धरला.

"गेले ते," संगप्पा म्हणाला. "हात केला मी. पोरानं जरासक हळू केली. सामान राहिलंय म्हणून सांगितलं तर म्हणला, राहू द्या, पुन्हा येईन तवा नेतो, बहिणीला घरी न्यायची घाई हाय. गेला निघून. काय सामान होतं?"

 रईसानं फोन आपल्या कानाला घेतला, "मागून सांगते भाऊ," म्हणाली आणि बंद केला.

"काय सामान होतं?" आता तिनंच विचारलं.

त्यानं खिशातून पिन काढून तिला दाखवली. कशाची ते सांगितलं. नट पुरता आवळला नव्हता, तेही सांगितलं.  शेजारून सोयाबीनचं ट्रॅक्टर धूळ उडवत गेलं.

"संगप्पाला हे कामून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

ती त्याला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं पोलिसांचा एकशेबारा नंबर लावला आणि शांतपणे सगळं सांगितलं. पलीकडच्या माणसानं गाडीचा नंबर विचारला. रईसानं जिलानीकडं बघितलं. त्याला डाव्या टायरची झिजलेली बाजू आठवत होती, पत्र्याचा पोचा आठवत होता, दारावरचा बेलाच्या पानाचा स्टिकर आठवत होता. नंबर आठवत नव्हता. रईसानं तेच वर्णन सांगितलं. लोह्याच्या पोलिसांना कळवतो, असं पलीकडून उत्तर आलं.

"चल," ती मागं बसत म्हणाली. "संगप्पाकडं थांबू नको."

अहमदपूर मागं पडलं. रस्ता उंच-सखल व्हायला लागला. एका उतारावर पुढं गाड्यांची रांग दिसली आणि रांगेच्या पुढं माणसांचा घोळका. घोळक्यापलीकडं, चारीत, पांढरा पत्रा उलटा पडलेला दिसत होता आणि वर एक चाक.

जिलानीनं मोटारसायकल थांबवली. त्याला खाली उतरता येईना. हँडलवरची बोटं सुटेनात. घोळक्यातून एक माणूस डोक्याचा रुमाल सोडत बाहेर आला, रुमालानं तोंड पुसत रस्त्याच्या कडेला बसला. त्याला काय दिसलं असेल, हे जिलानीला विचारवेना.

"मी बघून येते," रईसा म्हणाली.

ती गेली. गर्दीत तिची हिरवी ओढणी दिसत होती, मग दिसेनाशी झाली. जिलानी डोळे मिटून पुटपुटत राहिला. दुआ मागताना त्याला एकदम उमगलं, की तो मागतोय ते हेच, की तिथं दुसरं कुणीतरी असावं. त्याचं अंग शहारलं. तो पुटपुटायचा थांबला.

रईसाचा हात खांद्यावर पडला तेव्हा तो दचकला.

"ती न्हाई. टमाट्याची गाडी हाय. चालवणारा बरा हाय, पाय मोडलाय."

जिलानी उतरला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. रईसानं बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं. मग दोघं पुढं निघाले.

माळाकोळी गेली, माळेगाव गेलं. लोह्याला चौकात एक पोलीस उभा होता. रईसानं विचारलं. निरोप त्याच्यापर्यंत नुकताच पोचला होता, पण तशी एक गाडी त्याआधीच कंधारच्या रस्त्याला वळली होती, असं रसवंतीवाला सांगत होता. बाया रस प्यायला थांबल्या होत्या, त्यातली एक गरोदर होती. आत्ताच गेले.

आत्ताच. तो शब्द ऐकून जिलानीला आशा वाटली आणि त्या आशेचंच भ्या वाटलं. इतका वेळ नुसतं पोचायचं होतं. आता ती गाडी कुठल्याही वळणावर दिसणार होती, उभी किंवा आडवी.

कंधारचा रस्ता अरुंद होता. दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच चढ, मध्येच उतार. दोन वळणं गेली आणि पुढं पांढरी पिकअप दिसली. चालत होती. दारावर बेलाचं पान होतं.

रईसानं त्याच्या खांद्यावरची पकड घट्ट केली. जिलानीनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही, पण त्या गाडीच्या आवाजात तो कुठं जाणार. तो मागून जवळ गेला. तिरक्या नजरेनं त्याला पुढचं डावं चाक दिसत होतं. ते सरळ होतं आणि मध्येच, अगदी किंचित, थरथरत होतं. उजवं चाक तसं करत नव्हतं. नट सैल झालाय, हे त्याला खाली न वाकताही कळलं.

आणि आता गाडी थांबवायचंच भ्या वाटायला लागलं. वीरेशनं दचकून ब्रेक दाबला तर. कुणीतरी बाजूला आलं म्हणून त्यानं स्टेअरिंग झटक्यात वळवलं तर. कडेच्या खडीत चाक उतरवलं तर. यातलं काहीही त्या जोडाला पुरेसं होतं. समोर उतार संपताना एक पूल दिसत होता, कमरेएवढ्या कठड्याचा.

"मी बाजूनं नेतो," तो मागं ओरडून म्हणाला. "त्याच्या पुढं न्हाई जाणार. तू अम्माला हात कर. हळू, हळू, असा कर. वळू नको म्हणून सांग."

डाव्या बाजूला साइडपट्टी होती, मातीची. त्यानं मोटारसायकल तिच्यावर घातली आणि मागच्या खिडकीच्या बरोबरीनं आणली. आत कमलम्मा खिडकीला डोकं टेकून बसली होती. रईसानं ओढणीचा पदर सोडून हातात धरला आणि हात हळूहळू खाली-वर केला, लेकराला थोपटावं तसा. कमलम्मानं डोळे उघडले. आधी तिला ओळख पटली नाही. मग पटली, आणि ती हसली. 

रईसा हसली नाही. ती तसाच हात हलवत राहिली, आणि दुसऱ्या हातानं खाली चाकाकडं बोट दाखवलं. कमलम्माचं हसू विरलं. तिनं पुढं वाकून वीरेशच्या खांद्यावर हात ठेवला. वीरेशनं आरशात बघितलं.

"सरळ," जिलानी ओरडत होता. "सरळ ठेव. वळू नको. ब्रेक दाबू नको, रेस सोड नुसती."

काय ऐकू गेलं कुणास ठाऊक. गाडीचा आवाज उतरला. ती हळू झाली, आणखी हळू झाली, आणि कडेला घ्यायला म्हणून वीरेशनं स्टेअरिंग जरासं फिरवलंच. डावं चाक लगेच वळलं नाही. मग एकदम, झटका बसल्यासारखं वळलं. गाडी वाकडी होऊन रस्त्यावरच थांबली. पूल अजून शंभर-दोनशे पावलं पुढं होता.

जिलानीनं मोटारसायकल पाडल्यासारखी टाकली आणि तो गाडीखाली सरपटत गेला. त्यानं मागच्या चाकाला दगड लावायला सांगितलं, तेवढंच. नट बोल्टाच्या अगदी टोकाला आला होता. त्यानं बोट लावलं तर तो फिरला, आणि अर्ध्या फेऱ्यात त्याच्या तळहातावर पडला. वर जोड नुसता आपल्या जागेत रुतून बसला होता.

तो नट हातात धरून तिथं पालथाच पडून राहिला. वरून वीरेश विचारत होता, काय झालं, जिलानीभाई, काय झालं.  शेवटी त्यानं नट परत चढवला, दोन्ही हातांनी पाना धरून आवळला, खाच आणि भोक जुळेपर्यंत आवळला. पिन घातली. टोकं वाकवली. मग उजव्या बाजूला जाऊन तिथलीही बघितली. सगळं झाल्यावर बाहेर आला आणि उभं राहून सांगितलं.

"डाव्या चाकाचा नट पुरता आवळायचा राहिला होता माझ्याकडून. त्यात पिन घालायची असते, तीबी राहिली. आत्ता हाताला लावला तर निघून आला."

वीरेश त्याच्याकडं बघत राहिला. त्याचा हात उठला होता, मारायला की काय ते त्यालाही कळलं नसावं. हात परत खाली आला.

अंबिका दारातून उतरली होती. रस्त्यापर्यंत ती सावकाश आली. "म्हणजे औशापासून नीट होतो आम्ही, आन्‌ तुमच्याकडून निघाल्यावर मरायला निघालतो?"

"हाव ताई."

"तिथं थांबलोच नसतो तर बरं झालं असतं."

 अंबिका मागं वळली आणि गाडीकडं न जाता झाडाखाली जाऊन उभी राहिली. तिचा श्वास जोरात चालला होता. रईसा तिच्याजवळ गेली. अंबिकानं तिला जवळ येऊ दिलं, पण तिच्याकडं बघितलं नाही.

 कमलम्मा जिलानीच्या अगदी समोर आली. तिचे डोळे बारीक झाले होते, काहीतरी आठवत असल्यासारखे.

"मी जेवायला हाक मारली," ती म्हणाली. "तवा तुझ्या हातात पाना होता. तवाच राहिलं का?"

जिलानीनं तिच्याकडं बघितलं. "न्हाई अम्मा. जेवणाचं काही न्हाई. ते नंतर, माप घेताना."

"खरं सांगायलास?"

"खरं."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग वळून लेकीकडं गेली.

अंबिका परत त्या गाडीत बसायला तयार झाली नाही. वीरेशनं समजावलं, कमलम्मानं समजावलं. "अव्वा, मला उचलून घातलं तरी मी उडी मारीन," ती आईला म्हणाली, आणि ते खरं वाटत होतं. थोड्या वेळानं लोह्याकडून कंधारची एसटी आली. वीरेशनं हात करून थांबवली. कमलम्मा आणि अंबिका चढल्या. मागून, कुणी न सांगता, रईसाही चढली. खिडकीतून ती म्हणाली, "तुम्ही गाडी घेऊन या."

वीरेशनं पिकअपची चावी जिलानीच्या हातात दिली. "तुमीच चालवा. मी मागून मोटारसायकलवर येतो. चाकाकडं बघत येतो."

जिलानी चालवायला बसला. असल्या शेकडो गाड्या त्यानं चालवून बघितल्या होत्या. आपण आवळलेल्या नटावर त्याचा कधी अविश्वास नव्हता. आता होता. त्यानं गाडी पुलावर घातली. दोन्ही बाजूचे कठडे हळूहळू मागं सरकत होते आणि त्याला बोटांच्या टोकांत प्रत्येक खडा जाणवत होता. जरा थरथरलं की तो वेग कमी करायचा. रस्त्याची थरथर कुठली आणि चाकाची कुठली, हे त्याला एरवी झोपेतही सांगता आलं असतं. आज सांगता येत नव्हतं. आरशात वीरेश दिसत होता, मान खाली घालून, डोळे चाकावर लावून येणारा.

पूल गेला. पुढचा उतार गेला. एका ठिकाणी त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, वाकून पिन बघितली. पिन जागेवर होती. वीरेश मागं थांबला. पुढं परत एकदा जिलानी उतरला तेव्हा वीरेशही उतरून त्याच्या शेजारी वाकला. दोघांनी मिळून त्या पिनेकडं बघितलं आणि परत निघाले.

वीरेशच्या घरी पोचले तेव्हा एसटीतून आलेल्या बाया आधीच पोचल्या होत्या. अंबिका आत झोपली होती. तिचं पोट दुखत नव्हतं, बाळ हलत होतं, असं रईसानं सांगितलं. कमलम्मानं जिलानीला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. तो अंगणात उभ्यानं पाणी प्यायला, भांडं खाली ठेवलं, आणि रईसाला घेऊन निघाला.

शिरूर ताजबंदला उजेड कमी होत आला होता. संगप्पा दुकान आवरत होता. जिलानी थांबला आणि त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. संगप्पाच्या हातात हवा भरायची नळी होती. ती तशीच हातात राहिली.

"मी त्या पोराला हसून हात केला," तो म्हणाला. "जा म्हणलो."

"हाव."

"पिन राहिलीय म्हणला असतास तर मी गाडीसमोर आडवा पडलो असतो, जिलानी. काही झालं असतं तर जल्मभर मला काय वाटलं असतं? तुझ्या चुकीत तू मला न सांगता घातलंस."

"माझं चुकलं."

संगप्पानं नळी खुंटीला अडकवली.  मग त्यानं रईसाला विचारलं, "वहिनी, जेवलात का?" आणि ती नको नको म्हणत असताना शेजारच्या टपरीवरून दोन पाव आणि चहा मागवला. जिलानीसाठीही मागवला, पण त्याच्याशी बोलला नाही.

पुढं पाच-सहा आठवड्यांनी वीरेशचा फोन आला. जिलानी कुणाच्या तरी गाडीखाली होता. स्क्रीनवर नाव दिसलं तरी त्यानं फोन उचलला नाही. रईसानंच फोन उचलला, ऐकलं, आणि त्याच्या कानाला लावला.

"मुलगी झाली," वीरेश म्हणाला. "दोघी बऱ्या हायत. अव्वा म्हणली, लातूरला कळीव."

 "अल्लाची मेहेरबानी," जिलानी म्हणाला. मग न राहवून त्यानं विचारलं, "आन्‌ गाडी?"

"सरळ चालायली. पण नांदेडला नेऊन सगळं परत बघून घेतलं मी. राग मानू नका."

"बरं केलंस," जिलानी म्हणाला. "दर पावसाळ्याच्या आधी बघून घेत जा. तिथंच."